दोन दिवसांचं काम

मित्रांनो, मी एक जुनं स्टीअरिंग आहे. गाडी वळवायला ड्रायव्हरच्या समोर जे गोल चाक असतं, ते. हल्लीची स्टीअरिंगं लहान, मऊ आणि गुबगुबीत असतात, त्यांच्यावर गाणी बदलायची बटणंसुद्धा असतात म्हणे. मी तसा नाही. मी परातीएवढा मोठा, काठानं बारीक आणि रंगानं काळा आहे. मधोमध हॉर्नचं एकुलतं एक बटण होतं, आणि ते दाबलं की घसा बसल्यासारखा आवाज यायचा.

जुन्या काळी सगळ्या वस्तू उगाचच मोठ्या करायचे असं तुम्हाला वाटत असेल. माझ्या बाबतीत तसं नाही. चाक जितकं मोठं, तितका वळवायला जोर कमी लागतो. ज्यानं कागदावर माझं चित्र काढलं, त्याला गाडी चालवणाऱ्याच्या खांद्याची काळजी होती. अशी काळजी करणारा माझ्या आयुष्यातला तो पहिला माणूस, आणि जवळजवळ शेवटचाही तोच.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलादाचं कडं साच्यात ठेवलं, त्याच्यावर तापवलेला काळा लगदा दाबला आणि मागच्या बाजूला बोटं बसावीत म्हणून खाचा पाडल्या. गार झाल्यावर तपासनिसानं मला दोन्ही हातांत धरलं, एक पाय टेबलाला लावला आणि सगळा जीव एकवटून ओढून पाहिलं. मी तसूभरही वाकलो नाही. "हे काही तुटायचं नाही," तो म्हणाला, "याच्या आधी माणूस तुटेल." आजूबाजूचे कामगार हसले. मला तेव्हा ती शाबासकीच वाटली होती.

ज्या गाडीत मला बसवलं ती लांब पाठीची होती. मागचं सीट दुमडलं की आत एक माणूस पाय पसरून झोपू शकेल एवढी जागा व्हायची. ती घेतली एका लाँड्रीच्या मालकानं. लाँड्री म्हणजे दोन शर्ट आणि एक साडी इस्त्री करून देणारं दुकान नव्हे. मागे बॉयलर, धुवायची मोठी यंत्रं, चादरी वाळवायची पत्र्याची शेड, आणि पुढे काउंटर. लॉजच्या चादरी, दवाखान्याचे गाऊन, खाणावळींचे टेबलक्लॉथ, असं सगळं रोज आणायचं, धुवायचं, पोचवायचं. गाडी हवीच होती.

पहिल्या दिवशी मालक स्वतः बसले. फाटकाशी त्यांनी मला उभ्या गाडीत फिरवायला सुरुवात केली. मी हलेना. मग त्यांनी चिडून गाडी सोडली, आणि मी वळायच्या आत ती गटारात उतरली. मालक खाली आले, पँट झटकली आणि जमलेल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "धंदा बघायचा तर डोकं शांत पाहिजे. ड्रायव्हिंग हे आपलं काम नव्हे." ड्रायव्हर ठेवायचंही बोलणं निघालं होतं. पण ड्रायव्हर पगार मागतो, सुट्टी मागतो, आणि बायको तर घरचीच होती.

अशा रीतीनं मी बाईंच्या हातात आलो.

बाई म्हणजे मालकांची बायको. तेव्हा त्या तरुण होत्या, अंगानं किडकिडीत, आणि सीट पुढे ओढूनही पाय जेमतेम पोचायचे. गाडी बघणाऱ्या मेकॅनिकनं त्यांना आठवडाभर शिकवलं. तोही तेव्हा नवशिकाच होता. त्यानं पहिल्याच सकाळी सांगितलं, "वहिनी, गाडी उभी असताना स्टीअरिंगशी झटापट करायची नाही. आधी चाकं बोटभर सरकू द्या, मग वळवा. ते आपलं ऐकतं." बाईंनी ते एकदा ऐकलं आणि जन्मभर पाळलं. त्या क्लच अलगद सोडायच्या, गाडी जरा हलली की मला फिरवायच्या, आणि मी खरंच ऐकायचो. जड होतो, पण ऐकायचो.

तुम्हाला हात म्हणजे एक अवयव वाटतो, मित्रांनो. मला हातापलीकडे दुसरं जगच नव्हतं. बाईंचे हात सकाळी कोरडे आणि गरम असायचे, कारण त्या इस्त्रीच्या टेबलावरून सरळ गाडीत यायच्या. उन्हाळ्यात मी तापायचो, घामानं हात घसरायचे. मग त्यांनी एका विटलेल्या टॉवेलाच्या पट्ट्या कापून मला अभ्रा शिवला. तो मळला की काढून धुवायच्या आणि दुसरा चढवायच्या. गाडीच्या धन्यांनी मला काय दिलं असं कोणी विचारलं तर मी त्या अभ्र्याचं नाव सांगेन.

काम कष्टाचं होतं. लॉजची आवारं मोठी होती, तिथे अडचण नसायची. खरी कसोटी दवाखान्याच्या मागच्या आवारात. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला नळांची रांग, आणि मध्ये ही लांब पाठीची गाडी उलटी फिरवायची. पुढे घ्यायची, मला पार टोकापर्यंत वळवायचं, मागे घ्यायची, पुन्हा उलट्या टोकापर्यंत. असं चार-पाच वेळा. तिथला वॉचमन स्टूलवर बसून बघायचा. एकदा तो म्हणाला, "बाई, हाताला काय लावता हो तुम्ही?" बाई हसल्या. "चादरी पिळते," त्या म्हणाल्या.

हे मालकांच्या कानावर गेलं आणि तिथून कौतुकाला सुरुवात झाली. घरी कोणी पाहुणे आले की मालक त्यांना अंगणात आणायचे. "अगं, जरा गाडी वळवून दाखव." बाई हातातलं काम टाकून यायच्या, आणि फाटक ते बॉयलरची खोली एवढ्या जागेत गाडी पूर्ण फिरवून दाखवायच्या. "बघितलंत?" मालक म्हणायचे, "लोखंडाचे हात आहेत हिचे. दोन पुरुषांना जे जमत नाही ते ही एकटी करते." पाहुणे वा वा करायचे. बाईंच्या चेहऱ्यावर आनंद दिसायचा, खोटं कशाला बोलू? मलाही मिरवायला आवडायचं. त्या कौतुकातून पुढे काय निघणार आहे हे आम्हा दोघांनाही कळलं नाही.

बरीच वर्षं अशी गेली. मुलगा झाला, मागच्या गाठोड्यांवर झोपून मोठा झाला, शिकून दुसऱ्या गावी नोकरीला लागला. मग एकदा जुने टायर बदलायची वेळ आली आणि मालकांनी रुंद टायर बसवून घेतले. दुकानदारानं सांगितलं होतं, गाडी रुबाबदार दिसते. दिसत असेल. पण रुंद टायर म्हणजे रस्त्याला जास्त चिकटणार, आणि जास्त चिकटणार म्हणजे वळायला जास्त जोर मागणार. त्या दिवसापासून मी दीडपट जड झालो. बाईंनी पहिल्याच वळणावर ओठ घट्ट मिटले. "पूर्वीचे टायर बरे होते," त्या म्हणाल्या. बाजूला बसलेले मालक म्हणाले, "तुला काय जड आहे!"

त्याच सुमाराला लॉजच्या आवारात बाईंनी एक गाडी पाहिली. आमच्याच कंपनीची, आमच्याच घाटाची, पण काही वर्षांनंतर निघालेली. तिचा ड्रायव्हर एका हातानं चहा पीत होता आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी स्टीअरिंग फिरवत होता. बाई गाडीतून उतरून बघत राहिल्या.

"हे एवढं हलकं कसं?" त्यांनी विचारलं.

"पॉवर स्टीअरिंग आहे ताई. तुमच्या गाडीलाही बसवता येईल. ओळखीच्या मेकॅनिकला विचारा."

मित्रांनो, पॉवर स्टीअरिंग म्हणजे काही जादू नाही. इंजिनाच्या पट्ट्यावर एक छोटा पंप फिरतो. तो तेल दाबतो, आणि ते तेल तुमच्या हाताच्या बरोबरीनं चाकांना ढकलतं. हातानं फक्त सांगायचं, ओढायचं काम तेल करतं. तुम्हाला वाटेल मला त्याचा मत्सर वाटला असेल. मुळीच नाही. ते आलं तरी मी माझ्या जागेवरच राहणार होतो, फक्त हलका झालो असतो. त्या दिवशी घरी येताना बाई एक गाणं गुणगुणत होत्या.

दुसऱ्या दिवशी मालक शेजारी बसले असताना त्यांनी विषय काढला. "अहो, त्या गाडीसारखं आपल्याला बसवून घेऊ या ना. खांदा फार दुखतो हल्ली. हात वर करून केस विंचरता येत नाहीत."

"विचारतो," मालक म्हणाले.

त्यांनी विचारलं, हे मात्र खरं. मी साक्षीला होतो. गाडी ऑईल बदलायला गॅरेजमध्ये उभी होती, बाई समोरच्या दुकानातून सुतळी आणायला गेल्या होत्या, आणि मालक दरवाज्याला टेकून उभे होते.

"हो, बसतं की," मेकॅनिक म्हणाला. "नंतरच्या मॉडेलचा स्टीअरिंग बॉक्स आणि पंप मिळतो. एक पट्टी वेल्डिंग करावी लागेल, बाकी सगळं जागच्या जागी बसतं. दोन दिवसांचं काम आहे. करू या का? वहिनींना आराम पडेल."

"दोन दिवस गाडी बंद?" मालक म्हणाले. "आणि चादरी काय डोक्यावर नेऊ? राहू दे. तिचे हात बघितलेस ना तू? तिला कशाला लागतंय हे सगळं. उगाच नाही ती सवय."

मेकॅनिकनं खांदे उडवले आणि पुन्हा गाडीखाली शिरला. बाई परत आल्या. गाडी रस्त्याला लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "काय म्हणाला?"

मालक खिडकीतून बाहेर बघत होते. "या गाडीला बसत नाही म्हणाला."

"पण तो ड्रायव्हर तर..."

"त्या ड्रायव्हरला काय कळतंय? जुनी गाडी आहे आपली. नाही बसत."

त्या वेळी मी काय करू शकत होतो, सांगा. हॉर्नचं बटण माझ्या पोटात होतं, पण ते दाबायलासुद्धा माणूस लागतो. बाईंच्या हातांची पकड जरा सैल झाली, मग पुन्हा घट्ट झाली आणि पुढचं वळण त्यांनी नेहमीसारखं घेतलं. पुढे त्यांनी मेकॅनिकला स्वतः कधीच विचारलं नाही. नवऱ्यानं विचारून सांगितलं होतं, मग पुन्हा विचारायचं म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं. त्या तसल्या नव्हत्या.

त्यानंतर बाईंनी खांद्याला सांभाळून घ्यायच्या नाना युक्त्या काढल्या. कमी वळणांचा रस्ता शोधला, तो लांबचा होता म्हणून लवकर निघायला लागल्या. फारच जोर लागला तर दोन्ही हात माझ्या एकाच बाजूला धरून, अंगाचं वजन टाकून लटकायच्या. उजव्या हाताचं काम डाव्यानं करायला शिकल्या. कण्हायच्या फक्त गाडीत एकट्या असताना. अंगणातले खेळ मात्र चालूच होते. "अगं, जरा वळवून दाखव." त्या दाखवायच्या. माझ्या मते तिथेच त्यांचं चुकलं. एकदा तरी सगळ्यांसमोर मला सोडून द्यायचं आणि म्हणायचं, नाही जमत. पण इतकी वर्षं ज्या एका गोष्टीसाठी शाबासकी मिळाली ती कोण हातची सोडतं?

शेवटी खांद्यानंच नकार दिला. दवाखान्याच्या मागच्या आवारात, भर दुपारी. गाडी अर्धी फिरली होती, अगदी आडवी, आणि बाईंनी मला टोकाकडे ओढलं तेव्हा त्यांच्या खांद्यात काहीतरी कटकन वाजलं. ते मला माझ्या कड्यात जाणवलं. उजवा हात मांडीवर पडला. त्यांनी डाव्या हातानं ओढून पाहिलं, मी थोडा फिरलो आणि थांबलो. तेवढ्यात मागून रुग्णवाहिका आली आणि हॉर्न वाजवायला लागली. आत पेशंट होता. बाई घामाघूम झाल्या. "सरकते हो, सरकते," त्या काचेतून म्हणत होत्या, पण गाडी काही सरकेना. अखेर रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर उतरून आला, त्यांना बाजूच्या सीटवर सरकायला लावलं आणि दात-ओठ खाऊन त्यानं गाडी वळवली. "ही गाडी तुम्ही चालवता?" तो म्हणाला. "मारून टाकेल की हो एक दिवस!" बाई नुसत्या रडत होत्या, आणि रडताना डोळे पुसायला त्यांचा उजवा हात वर जात नव्हता.

डॉक्टरांनी खांदा बांधला आणि गाडीला हात लावायची बंदी केली. बरा होईल, पण वेळ द्या, असं सांगितलं. मग चिरंजीव परत आले. नोकरीत त्याचं फारसं बरं चाललं नव्हतंच, आता धंद्याचं निमित्त मिळालं. मुलगा वाईट नाही हे आधीच सांगतो. पण त्याचे हात संगणकावर वाढलेले. पहिल्या दिवशी तो दवाखान्याच्या आवारातून आला तो तळहात फुंकतच.

"बाबा, ही गाडी आहे का रोडरोलर? माणसानं चालवायची कशी?"

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "पाठ गेली माझी." पाचव्या दिवशी म्हणाला, "मला नाही जमायचं, दुसरा ड्रायव्हर बघा." आणि सहाव्या दिवशी गाडी मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये उभी होती. चादरी डोक्यावर न्याव्या लागल्या नाहीत. मालकांनी दोन दिवसांसाठी भाड्याचा टेम्पो सांगितला. एका फोनवर आला.

मला काढायची काही गरज नव्हती. नवा बॉक्स, पंप, तेलाची टाकी, नळ्या, सगळं बसवून झाल्यावर मी पुन्हा माझ्या दांड्यावर बसू शकत होतो. पण मुलगा म्हणाला, "आता एवढं मोठं चाक कशाला? छोटं टाका." मेकॅनिकनं मधला नट सोडवला, मला उपसून काढलं आणि मालकांच्या हातात दिलं. मालकांनी मला घरी आणून शेडमधल्या फळीवर टाकलं, साबणाच्या पिंपांशेजारी. फळीसमोर खिडकी होती. तिच्यातून अंगण, फाटक आणि फाटकाचा दगडी खांब दिसायचा. पुढचं सगळं मी तिथून पाहिलं.

गाडी परत आली तेव्हा बाई काउंटरवर होत्या. खांद्याची पट्टी निघाली होती, हात बराच सुधारला होता. मुलानं अंगणात गाडी उभी केली आणि उभ्या गाडीत, एका बोटानं, नवं स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून दाखवलं.

"बघ आई! लोण्यासारखं!" मग तो जरा थांबला. "तू एवढी वर्षं ते जुनं धूड ओढत होतीस? मग सांगायचं नाही का गं कधी!"

बाईंनी मालकांकडे पाहिलं. मालक टायर तपासत होते. वाकलेलेच म्हणाले, "आता नवीन निघालंय ते. पूर्वी बसत नव्हतं."

बाईंनी मान हलवली. त्यांनी तेही खरं मानलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. कारण त्यांच्या मनात दुसराच विचार आला होता. हात फक्त सांगणार असेल आणि ओढायचं काम तेल करणार असेल, तर त्यांना पुन्हा गाडी चालवता येणार होती. रोजचा रस्ता, लॉजवाल्यांशी दोन गोष्टी, वॉचमनची थट्टा, हे सगळं परत मिळणार होतं. लाँड्रीत त्या इस्त्री करत, घरात स्वयंपाक करत, पण त्यांचं स्वतःचं असं जे काही होतं ते त्या गाडीच्या सीटवर होतं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मला ठाऊक होतं, कारण फाटकाबाहेर पडलं की त्यांची पकड बदलायची.

"दे बघू किल्ली," त्या म्हणाल्या.

"जपून हं आई. फार हलकं आहे."

बाई बसल्या, सीट पुढे ओढलं, गाडी सुरू केली. आणि मित्रांनो, मग तेच झालं जे व्हायचं होतं. त्यांनी क्लच अलगद सोडला, गाडी बोटभर सरकू दिली, आणि फाटकातून वळायला खांद्यापासून, कमरेपासून, सगळ्या अंगाचा जोर लावून चाक ओढलं. मला वळवायला जेवढा लागायचा तेवढाच. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगानं दुसरं काही शिकलंच नव्हतं. नवं स्टीअरिंग गर्रकन फिरलं, गाडी झोकांडी खाऊन वळली आणि तिचं नाक खांबावर आदळलं. दिवा फुटला, मडगार्ड आत गेलं.

बाईंना खरचटलंसुद्धा नव्हतं. त्या खाली उतरल्या आणि आपल्या हातांकडे बघत राहिल्या. "मी जोर जास्त लावला," त्या म्हणाल्या. "मला सवय होऊ दे. दोन दिवस मोकळ्या मैदानात फिरवते, मग येईल."

"आई, इथे खांब होता म्हणून बरं," मुलगा म्हणाला. "रस्त्यावर माणूस असता तर?"

"तेच म्हणतो मी," मालक म्हणाले. "आता वय झालं. गाडी नाही राहिली हिच्या हातात."

मुलानं किल्ली काढून खिशात टाकली. त्याच्या बोलण्यात प्रेम होतं, काळजी होती, मी नाही म्हणत नाही. पण किल्ली खिशात गेली ती गेलीच.

दोन-तीन दिवसांनी मेकॅनिक पत्रा ठोकायला आला. त्याचेही केस आता पिकले होते. मालक खुर्ची टाकून बाहेर बसले होते, मुलगा गाठोडी मोजत होता. बाई मेकॅनिकसाठी चहा घेऊन आल्या.

"सगळ्यांचं असंच होतं वहिनी," मेकॅनिक म्हणाला. "जड गाडीचा हात असला की पहिल्यांदा हमखास जास्त फिरतं. दोन दिवसांत हात हलका होतो. घाबरू नका."

"ऐकलंत?" बाई मालकांना म्हणाल्या. मग सहज, चहाची बशी पुढे करता करता, त्यांनी मेकॅनिकला विचारलं, "हे नवीन निघालंय म्हणे. आधी निघालं असतं तर बरं झालं असतं, नाही?"

मेकॅनिकनं हातोडी खाली ठेवली. मालक भुवया वर करून त्याला गप्प राहायची खूण करत होते, पण ती त्याला उशिरा दिसली.

"नवीन कसलं? टायर बदलले त्या वर्षीच मी मालकांना म्हटलं होतं ना, बसतं म्हणून."

बाईंनी बशी खाली ठेवली.

"बसत होतं?"

"अगं, तेव्हाची गोष्ट वेगळी होती..."

"मी तुम्हाला विचारलं होतं. तेव्हा बसत होतं का?"

"तुझं व्यवस्थित चाललं होतं ना पण!" मालक उठून उभे राहिले. "कधी अडलं का तुझं? सगळं गाव नाव घ्यायचं तुझ्या हातांचं!"

"चाललं होतं, कारण मी ओढत होते," बाई म्हणाल्या. "मी दुखतंय म्हणून सांगितलं होतं तुम्हाला. केस विंचरता येत नाहीत म्हणून सांगितलं होतं."

मुलगा गाठोडी मोजायची सोडून उभा होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण कोणाच्या बाजूनं बोलायचं हे त्याला ठरवता येईना. मालकांनी मेकॅनिकला म्हटलं, "तू पत्रा ठोक रे, तेवढंच तुझं काम." मेकॅनिकनं पत्रा ठोकला.

"बरं," बाई शेवटी म्हणाल्या. "झालं ते झालं. आता मला दोन दिवस गाडी द्या. बाकी काही मागत नाही."

"बघू," मालक म्हणाले.

मालकांना वाईट वाटलं नाही असं नाही. वाटलं. पण वाईट वाटलं की काही माणसं चूक सुधारत नाहीत, भेटवस्तू आणतात. एक दिवस ते शेडमध्ये आले आणि फळीवरून मला खाली घेतलं. माझा टॉवेलाचा अभ्रा ओढून काढला आणि चिंध्यांत फेकला. मला पॉलिश केलं, हॉर्नच्या बटणाची कड चकाकवली, आणि पुढच्या काउंटरच्या वर, जिथे गिऱ्हाइकांची नजर पहिली जाते, तिथे भिंतीला मोठा हूक ठोकून मला टांगलं. वर एक छोटा दिवासुद्धा लावला. सकाळी दुकान उघडलं की ते स्वतः मऊ फडक्यानं मला पुसतात. गिऱ्हाईक विचारतं, "हे काय?" मग मालक सांगतात, "आमच्या हिनं एवढं मोठं चाक इतकी वर्षं ओढलं. त्याच्यावर उभी आहे ही लाँड्री. लोखंडी बाई!" सांगताना ते खरंच डोळे पुसतात. गिऱ्हाईकही हळहळतं. खाली काउंटरच्या आतल्या बाजूला बाई टॉवेलांच्या घड्या घालत असतात. त्या मान वर करत नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगताना शेवटी म्हणतात, आम्हाला टाकून देऊ नका, आम्हाला जपा, आमची धूळ पुसा. मी तसं म्हणणार नाही. माझी बडदास्त उत्तम आहे. मला ऊन नाही, घाम नाही, ओढाताण नाही. मी तुम्हाला एवढंच सांगतो की मला पुसू नका. मी पोलादाचा आहे, मला काही कळत नाही, माझं काही दुखत नाही. तुमच्या घरात कोणी न कुरकुरता काहीतरी ओढत असेल तर त्याच्या हातांचं कौतुक करायच्या आधी ते ओझं कमी करा. दोन दिवसांचं काम असतं. आणि उशीर झालाच असेल, तर त्याच्या नावाचा दिवा भिंतीवर लावू नका, त्याची किल्ली त्याला परत द्या.

इथे टांगल्यापासून मला रोज सकाळी एक बोलणं ऐकू येतं. मुलगा गाडी काढायला निघतो, आणि बाई घड्या घालता घालता विचारतात, "आज मी येऊ का? मैदानापर्यंतच." मुलगा घाईत असतो. तो म्हणतो, "उद्या बघू हं आई."

आज सकाळी मालक मला पुसत होते. मुलगा गाठोडी घेऊन बाहेर पडला, गाडी सुरू झाली, फाटकातून सहज वळून निघून गेली. बाईंनी काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं नाही हे मालकांच्या लक्षात आलं नाही, मुलाच्याही आलं नाही. ते फडकं माझ्यावरून फिरतच होतं.